पांढऱ्या उंदरांचा रॅक : टब बारा, पैदाशीचे चार

घरी पांढरे उंदीर वाढवणाऱ्या इंदूरच्या वाचकांकडून आलेली बहुतेक पत्रं या वेळी एकाच विषयावर आहेत : रॅक कसा करायचा, आणि केलेला रॅक नीट चालत का नाही. म्हणून हे सदर सगळंच त्या विषयाला दिलं आहे. खाली ‘उंदीर’ म्हणजे २५ ते ४० ग्रॅमचा लहान पांढरा उंदीर. पाव ते अर्धा किलो भरणाऱ्या मोठ्या जातीला ‘रॅट’ म्हटलं आहे. दोघांची मापं वेगळी आहेत, आणि बऱ्याच पत्रांत नेमका तिथेच घोळ आहे.

प्रश्न : मागच्या खोलीत बारा टबांचा रॅक करायचा आहे. सुतार म्हणतो प्लायचा करू, वेल्डर म्हणतो चौकोनी पाइपचा. बाजारात ३६ बाय १८ इंचांचे तयार लोखंडी रॅकही मिळतात. काय घ्यावं? (रामबाग)

उत्तर : आधी टब घ्या, मग रॅक. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात ४१ बाय २८ बाय १५ सेंमीचा पॉलिप्रॉपिलीनचा टब मिळतो, तो उंदरांसाठी सोयीचा. आतला तळ साधारण ९०० चौरस सेंमी भरतो. भांड्यांच्या दुकानातला टबही चालेल, फक्त आतून हात फिरवून पाहा. आतली बाजू गुळगुळीत हवी, उठावाच्या रेघा असल्या तर बाहेरून. सपाट भिंतीवर उंदराचे दात लागत नाहीत. कड, भोक किंवा उंचवटा सापडला की तिथूनच कुरतडायला सुरुवात होते.

प्लाय नको. कितीही रंग दिला तरी कापलेल्या कडेतून लघवी आत मुरते, प्लाय फुगतो आणि वास कायमचा राहतो. चौकोनी पाइपचा रॅक मजबूत होतो, पण एकदा वेल्ड केला की खणांची उंची बदलता येत नाही, आणि पाइपची तोंडं बंद केली नाहीत तर आत झुरळं वस्ती करतात. या कामाला खाचांचा अँगल सगळ्यांत बरा. तो लोहामंडीत किंवा सियागंजात मापाने कापून मिळतो, नटबोल्टने जोडता येतो, आणि पुढे टब बदलला तर खण वरखाली करता येतो.

तयार ३६ इंची रॅकमध्ये एक फसगत आहे. पत्र्याची रुंदी ९१ सेंमी आणि तीन टब म्हणजे ८४, तेव्हा कागदावर सगळं बसतं. पण पुढच्या खांबांच्या अँगलचा एक पाय समोरून येतो आणि दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन सेंमी जागा अडवतो. टब आत-बाहेर करायला उरतात ८४ सेंमी, म्हणजे काहीच सैल नाही. मग कडेचे टब मधल्या टबाच्या जागेतून तिरके ओढावे लागतात, आणि त्या ओढाताणीत बाटल्या सांडतात. तयार रॅक घ्यायचाच असेल तर एका खणात दोन टब ठेवा आणि उरलेली जागा भुशाच्या डब्याला द्या.

मापाने करून घेणार असाल तर हिशेब असा. तीन टबांचे ८४, मधल्या दोन फटींचे ४, कडांचे २, म्हणजे समोरचं तोंड ९० सेंमी. त्यात खांबांचे ७ मिळवून पत्रा ९७ सेंमी रुंद. खोली ४६ सेंमी : टबाचे ४१ आणि मागे हवेला ५. खांब चार, प्रत्येकी १५० सेंमी, म्हणजे ६ मीटर अँगल. पत्रे पाच, २० गेजचे, चारही कडा ३ सेंमी खाली दुमडलेले. पहिला पत्रा जमिनीपासून ३० सेंमीवर, पुढचे ६०, ९० आणि १२० वर, पाचवा १५० वर छप्पर म्हणून. दोन पत्र्यांमधलं अंतर ३० दिसतं, पण दुमडलेली कड ३ सेंमी खाते, म्हणून हाताला २७ मिळतात. टब १५ आणि जाळीवर आलेली बाटली ९ धरली तर ३ सेंमी मोकळे राहतात. एवढं पुरे, याहून कमी नको.

प्रत्येक कोपऱ्याला दोन बोल्ट, म्हणजे चाळीस, पन्नास आणा. सगळ्यांत खालच्या आणि सगळ्यांत वरच्या पत्र्याला कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या लावायच्या, त्या आठ. जोडताना रॅक जमिनीवर आडवा ठेवून आधी सगळे बोल्ट हातानेच फिरवा. उभा करा, गुण्याने काटकोन बघा, मग पान्याने आवळा. एकेक कोपरा पक्का करत गेलात तर शेवटचा पत्रा बसत नाही. भरलेला टब जेमतेम दोन-अडीच किलोचा, तेव्हा वजनाची काळजी नाही. काळजी आहे ती झोके खाण्याची. मागच्या बाजूला दोन पट्ट्या फुलीसारख्या आडव्या मारा. त्यांच्याशिवाय टब ओढला की अख्खा रॅक हलतो, आणि नुकत्याच व्यालेल्या मादीला ते बाधतं.

भिंतीपासून १५ सेंमी सोडून ठेवा. वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप किंवा फ्रिज त्याच भिंतीला लागून नको.

प्रश्न : बारा टबांत बारा जोड्या ठेवल्या तर महिन्याला किती पिल्लं मिळतील? (सुदामानगर)

उत्तर : बारा जोड्या ठेवल्या तर दुसऱ्या महिन्यातच पिल्लं ठेवायला जागा उरणार नाही. बारा टबांच्या रॅकमध्ये पैदाशीचे टब चार, फार तर पाच.

मादी १९ ते २१ दिवसांत विते. एका वेतात सहा ते दहा पिल्लं, हिशेबाला आठ धरा. व्याल्यावर चोवीस तासांच्या आतच ती पुन्हा माजावर येते, आणि नर सोबत असेल तर पहिलं वेत दूध पीत असतानाच दुसरं पोटात वाढू लागतं. पिल्लं २१ दिवसांची झाली की आईपासून वेगळी करायची. एका टबात एक नर आणि दोन माद्या ठेवल्या तर महिन्याला साधारण सोळा पिल्लं, चार टबांची चौसष्ट. ही वरची मर्यादा समजा. उन्हाळ्यात यातला बराच भाग गळतो.

वेगळी केलेली पिल्लं सहा आठवड्यांची होईपर्यंत आणखी तीन आठवडे तुमच्याकडे राहतात. म्हणजे कोणत्याही दिवशी पंचेचाळीस-पन्नास वाढती पिल्लं घरात असणार. पूर्ण वाढलेल्या उंदराला तळाची किमान ९७ चौरस सेंमी जागा लागते, म्हणून ९०० चौरस सेंमीच्या टबात नऊ मोठे उंदीर ही कमाल. वाढत्या पिल्लांचे एका टबात दहा-बारा ठेवा. नर वेगळे, माद्या वेगळ्या, शिवाय दोन वयांची पिल्लं एकत्र नकोत. असे वाढीचे सहा टब झाले. एक टब दमलेल्या माद्यांना विसाव्याला. एक कायम रिकामा, धुऊन वाळवलेला, म्हणजे साफसफाईच्या दिवशी उंदीर थेट त्यात सोडता येतात. चार, सहा, एक, एक : झाले बारा. बाहेरून आणलेल्या नव्या उंदरांना किमान दोन आठवडे वेगळं ठेवायचं, आणि तो टब या रॅकवर नाही, दुसऱ्या खोलीत.

हा हिशेब चुकतो तो नर-मादी ओळखण्यात. माद्या पाच-सहा आठवड्यांच्या वयातही गाभण राहतात, तेव्हा २१ व्या दिवशी केलेली वाटणी बरोबरच हवी. सगळ्यांत सोपी वेळ नवव्या-दहाव्या दिवशी. लव दाट व्हायच्या आत मादीच्या पोटावर स्तनाग्रांचे ठिपके स्पष्ट दिसतात, नराला ते नसतात. ती वेळ हुकली तर शेपटीखाली बघा. नरात मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतलं अंतर मादीच्या सुमारे दुप्पट असतं. एकट्या पिल्लाकडे बघून हे कळत नाही, दोन शेजारी धरून बघायचं.

आणि घेणारे आधी ठरवा. गिऱ्हाईक नसेल तर नर वेगळे काढून पैदास थांबवा. नर काढल्यावरही आधीच गाभण असलेल्या माद्या पुढचे तीन आठवडे वीत राहतील, हे लक्षात ठेवून आधीच काढायचे.

प्रश्न : टबांवर अर्धा इंची जाळी बसवली. मोठे उंदीर आत राहतात, पण पिल्लं बाहेर सापडतात. जाळी बांधायला वापरलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्याही कुरतडल्या. (लोकमान्यनगर)

उत्तर : अर्धा इंच, म्हणजे साडेबारा मिमी, ही रॅटची जाळी. उंदरांना पाव इंचाची, ६ मिमी चौकटीची वेल्डेड जाळी लागते. डोकं गेलं की अंग जातं, आणि तीन आठवड्यांच्या पिल्लाचं डोकं अर्ध्या इंचातून सहज जातं. कोंबड्यांची षटकोनी जाळी तर मुळीच नको, ती दातांनी वाकते.

झाकण असं करा. अ‍ॅल्युमिनियमच्या यू पट्टीची चौकट, टबाच्या बाहेरच्या मापापेक्षा ४ मिमी मोठी. जाळी चौकटीच्या आतल्या मापापेक्षा १ सेंमी जास्त कापा, कडा दुमडून पट्टीत सरकवा आणि दर ८ सेंमीवर रिव्हेट मारा. तारेची कापलेली टोकं आत राहिली तर उंदरांचे पंजे आणि तुमची बोटं दोन्ही सोलतात. प्लास्टिकची पट्टी, दोरा, डिंक यांतलं काहीही उंदराच्या तोंडाशी येता कामा नये. झाकण टबाला दोन्ही बाजूंनी स्टीलच्या क्लिपने धरा. नुसतं वजन ठेवून भागवू नका.

खाण्याच्या कप्प्याला मात्र अर्धा इंची जाळीच योग्य, कारण ६ मिमीतून खाण्याच्या गोळीचा दाणा कुरतडणं अवघड जातं आणि दूध पाजणाऱ्या माद्या उपाशी राहतात. झाकणात १२ बाय ८ सेंमीची खिडकी कापून त्यात अर्धा इंची जाळीचा व्हीच्या आकाराचा कप्पा ६ सेंमी खाली सोडा. पिल्लं त्या कप्प्यात चढतातच, म्हणून त्यावर पत्र्याचं घट्ट झाकण हवं. कप्प्याचं टोक आणि भुसा यांत ५ सेंमी अंतर ठेवा. भुसा टेकला की खाणं ओलं होऊन बुरशी धरते.

जस्ताची जाळी वेल्ड करायला देऊ नका. जस्त जळताना निघणाऱ्या धुराने वेल्डरला ताप भरतो, आणि जिथे जस्त उडालं तिथे महिन्याभरात गंज चढतो. नवी जाळी वापरण्याआधी व्हिनेगरच्या पाण्याने घासून धुवा, मोकळी पावडर निघून जाते.

प्रश्न : रोज बाटल्या भरायचा कंटाळा येतो. वर बादली ठेवून पोल्ट्रीच्या निपलची लाइन टाकली. वरच्या खणात पाणी येत नाही, खालचे टब भिजतात. दोन वेळा पिल्लं बुडून मेली. (राजेंद्रनगर)

उत्तर : कारण उंचीत आहे. बादलीचा तळ १५० सेंमीवर. वरच्या खणाचं निपल १३५ वर धरलं तर त्याच्यावर फक्त १५ सेंमी पाण्याचा दाब. सगळ्यांत खालचं निपल ४५ वर, त्याच्यावर १०५ सेंमीचा. एकाच लाइनवर सातपट फरक. वरचं उघडत नाही, खालचं नीट मिटत नाही. बादली आणखी ५० सेंमी उचलली तर प्रमाण ६५ आणि १५५ होतं, म्हणजे अडीच पटीच्या आत येतं. शिवाय पोल्ट्रीचं निपल उभं लटकवायचं असतं, कोंबडी खालून टोचते. टबाच्या भिंतीत ते आडवं बसवलं की आतली पिन पूर्ण बसत नाही आणि थेंब गळत राहतो.

लाइन ठेवायचीच असेल तर निपल टबात नको. टबाच्या भिंतीला भोक पाडून दोन्ही बाजूंनी स्टीलचे वायसर लावा, निपल बाहेर ठेवा, टोक भोकाशी येईल असं. गळलं तर पाणी टबाबाहेर पडेल. पाइप काळा किंवा अपारदर्शक घ्या, पारदर्शक पाइपात शेवाळ धरतं. लाइनच्या शेवटी एक कॉक ठेवा आणि आठवड्यातून एकदा तो उघडून हवा आणि गाळ काढून टाका. मधेच हवेचा बुडबुडा अडकला तर पुढची सगळी निपलं कोरडी पडतात, आणि बादलीत पाणी दिसत असल्यामुळे ते दोन दिवस कळतही नाही. बोरिंगच्या जड पाण्याचा क्षार पिनवर बसतो, तेव्हा बादलीत नर्मदेचं नळाचं पाणी भरा.

आमचं स्पष्ट मत असं की बारा टबांना लाइन ही नुसती हौस आहे. तीस-चाळीस टबांच्या पुढे तिचा उपयोग. तोवर २५० मिलीची बाटली आणि आत गोळी असलेली स्टीलची नळी. एक उंदीर दिवसाला ५ ते ७ मिली पितो, दूध पाजणारी मादी त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे पैदाशीच्या टबाला दिवसाला ४०-५० मिली, तीन दिवसांनी बाटली बदलली तरी भरपूर झालं. नळीचं टोक भुशाच्या वर ४ ते ५ सेंमी. पिल्लं सोळा-सतरा दिवसांची झाली की पाणी पिऊ लागतात, टोक त्यांच्या तोंडापर्यंत पोचायला हवं. पण भुशाचा ढीग टोकाला लागला तर वातीने तेल ओढावं तसं पाणी खाली ओढलं जातं आणि रात्रीत बाटली रिकामी होते.

मे महिन्यात बाटल्या ‘आपोआप’ गळतात अशी तक्रारही आहे. बाटली अर्धी रिकामी असली की वरची हवा दुपारी तापून फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. उन्हाळ्यात बाटली काठोकाठ भरा, हवाच कमी राहील.

प्रश्न : रोज टब धुतो तरी नाकाला झोंबणारा वास येतो. आता शेजारचे बोलू लागले आहेत. (परदेशीपुरा)

उत्तर : रोज धुणं हीच अर्धी अडचण आहे. टब पूर्ण धुतला की नर आपली खूण पुन्हा लावायला जास्त लघवी करतो. झोंबणारा वास अमोनियाचा. ताज्या लघवीला तो फारसा नसतो, ओल्या भुशातले जिवाणू युरिया फोडतात तेव्हा तो तयार होतो. म्हणजे शत्रू ओल आहे. एका नर-दोन माद्यांच्या टबाला आठवड्यातून एकदा पूर्ण भुसाबदल, आणि मधे एकदा फक्त ओला कोपरा काढून तेवढाच नवा भुसा, एवढं पुरतं. उंदीर लघवीचा कोपरा सहसा ठरवून ठेवतात. रॅटना आठवड्यातून दोनदा. टबाशी नाक नेल्यावर झोंबत असेल तर उंदरांना ते आधीच चार दिवस झोंबतंय. शिंका, लाल पाणी आलेले डोळे आणि बसताना होणारा घर्रघर्र आवाज हे त्याचेच पुढचे टप्पे.

भुसा कोणता, यावर बरंच अवलंबून आहे. लाकडाच्या वखारीतला भुसा नको. त्यात सागापासून चिडापर्यंत काय मिसळलंय ते सांगता येत नाही, धूळ फार असते, आणि वासाच्या लाकडांतली द्रव्यं श्वासनळी व यकृताला त्रास देतात. मक्याच्या कणसाच्या दांड्याचे ३-४ मिमीचे दाणे ओल चांगली शोषतात, आणि माळव्यात मका काही दुर्मीळ नाही. भाताचं तूसही चालतं. ते चाळून धूळ काढा, दोन दिवस कडक उन्हात पसरा. थर ३ ते ४ सेंमी. वर मूठभर कागदाच्या पट्ट्या घरट्यासाठी, पण छपाईच्या चकचकीत मासिकांच्या नकोत (आमच्याही नकोत).

टबावर पांढरा खरखरीत थर चढतो तो लघवीतल्या क्षारांचा. साबणाने तो निघत नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून अर्धा तास ठेवा, मग घासा. ब्लीच मात्र लघवी असलेल्या टबात कधीच ओतू नका. अमोनियाशी मिसळून विषारी वायू तयार होतो, तोही बंद खोलीत. फिनाईल फरशीला ठीक, टबाला नाही.

प्रश्न : मे-जूनमध्ये वरच्या खणातले उंदीर मरतात, आणि पाऊस सुरू झाला की मुंग्या नवजात पिल्लं खातात. (मल्हारगंज)

उत्तर : उंदरांना २० ते २६ अंश मानवतं. ३० च्या वर नर सुस्तावतात आणि वीर्य बिघडतं. नवं वीर्य तयार व्हायला पाचेक आठवडे लागतात, म्हणून पाऊस पडून गारवा आला तरी जुलैत पिल्लं कमीच दिसतात. त्यात माद्यांचा दोष नसतो. माळव्यातल्या रात्री निवतात, पण पत्र्याखालच्या खोलीत छताशी साठलेली उष्णता तशीच राहते आणि वरचा खण खालच्यापेक्षा दोन-तीन अंश गरम असतो. थर्मामीटर भिंतीवर टांगू नका, वरच्या खणात टबाशेजारी ठेवा. एप्रिल लागला की पैदाशीचे टब खालच्या दोन खणांत आणा आणि वर रिकामे टब व कोरडं सामान ठेवा.

कूलर जूनच्या मध्यापर्यंत उत्तम चालतो, कारण हवा कोरडी असते. झोत रॅकवर थेट नको, समोरच्या भिंतीवर मारा, आणि दुसऱ्या टोकाला पंखा लावून हवा बाहेर काढा. पाऊस सुरू झाला की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, नाहीतर ओल वाढून वरच्या प्रश्नातला वास परत येतो. पोट टेकून पसरलेला, हनुवटी आणि छाती लाळेने ओली झालेला उंदीर दिसला तर त्याला ऊन लागलं आहे. गार फरशीवर ओल्या फडक्यावर ठेवा. बर्फाचं पाणी नको.

मुंग्यांसाठी रॅकचे चारही पाय वाट्यांत ठेवा, जुन्या जाळीच्या कपाटाला करत तसेच. लोखंड पाण्यात गंजतं, म्हणून अँगलखाली आधी प्लास्टिकचा बूट, मग वाटी. साध्या पाण्यात डास अंडी घालतात आणि मुंग्या पृष्ठभागावरून तरून जातात, तेव्हा पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाका. दर तीन दिवसांनी बदला. आणि बघा, रॅक कुठे भिंतीला, पडद्याला किंवा वायरला टेकत नाही ना. मुंग्यांना तेवढाच पूल पुरतो. खडू किंवा फवारा रॅकजवळ वापरू नका.

प्रश्न : मादी पिल्लं खाते. खाणं भरपूर आहे. (नारायणबाग)

उत्तर : पत्रात दोन गोष्टी आहेत : व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी टब बदलला, आणि रॅक रस्त्याकडच्या खिडकीशी आहे. दोन्ही बदला. व्याल्यानंतर पाच दिवस टबाला हात लावायचा नाही, फक्त पाणी आणि खाणं. त्यानंतर भुसा बदलताना जुन्या घरट्याचा मूठभर भाग पिल्लांसकट तसाच उचलून नव्या टबात ठेवा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, ढोल, दिवाळीचे फटाके अशा दिवसांत विणाऱ्या माद्या आतल्या खोलीत हलवायच्या असतील तर विण्याच्या निदान तीन-चार दिवस आधी. त्या रात्री नाही.

वरच्या खणावर ट्यूबलाइट असेल तर छपराचा पत्रा काढू नका. पांढऱ्या उंदरांच्या लाल डोळ्यांना झगझगीत उजेड सोसत नाही. उजेड दिवसाला बारा ते चौदा तास आणि मग खरा अंधार. रात्रभर दिवा राहिला तर माद्यांचं माजाचं चक्रच बिघडतं.

‘भरपूर खाणं’ म्हणजे काय, ते पत्रात आहे : पोहे, पाव आणि कच्चं सोयाबीन. पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत. पैदाशीच्या माद्यांना १८ ते २० टक्के प्रथिनं असलेली प्रयोगशाळेची गोळी द्या. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनांचं पचन अडवतो. द्यायचंच तर नीट भाजून किंवा शिजवून. पहिलटकरीण असेल तर दुसऱ्या वेतापर्यंत थांबा. तेव्हाही खाल्ली तर तिला पैदाशीतून काढा. आणि नवा नर टाकण्याची घाई नको : मादी गाभण राहिल्याच्या पहिल्या तीन-चार दिवसांत अनोळखी नराच्या वासानेच गर्भ टिकत नाही, मग ‘मादी वांझ आहे’ अशी पत्रं येतात.

प्रश्न : परवाना लागतो का? (विजयनगर)

उत्तर : दुकान थाटून विकणार असाल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. प्रयोगशाळांना विकण्याचा विचार सोडा. त्या पैदाशीला १९९८ चे वेगळे नियम आहेत आणि प्रयोगशाळा नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घेतात. घरी हौसेने पाळलेल्या जनावरांनाही १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा लागू आहे, गर्दी आणि उपासमार त्यात येतात.

प्रश्न : याच रॅकवर हॅमस्टर आणि रॅट ठेवले तर? (पलासिया)

उत्तर : रॅट उंदरांना मारून खातो, आणि त्याचा नुसता वासही उंदरांच्या माद्यांना बेचैन करतो. रॅटचा रॅक वेगळा, शक्य तर खोलीही वेगळी. त्यांना ४१ सेंमीचा टब पैदाशीला अपुरा पडतो. तळ निदान दीडपट आणि भिंत २० सेंमी घ्या, म्हणजे खणाची उंची ३५ सेंमी लागेल आणि ९७ सेंमीच्या पत्र्यावर दोनच टब बसतील. सोनेरी हॅमस्टर चालेल, पण एका टबात एकच. तळ जितका मोठा देता येईल तितका द्या आणि भुसाही टबात मावेल तितका खोल, कारण ते खणतात. वीण करायची तर मादीला नराच्या टबात संध्याकाळी सोडा, समागम झाला की लगेच उचला. रात्रभर एकत्र ठेवलं तर मादी नराला फाडते. सोळा दिवसांनी विते, तेव्हा तारीख टबाच्या पुढच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. चिठ्ठी बाहेरच्या बाजूला, जाळीपासून दूर, नाहीतर तिचंच घरटं होतं.